साताचे खड्डे

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची. कंपनीने मला सध्या मोकळं ठेवलंय. बायको याला ‘काढून टाकलं’ म्हणते, पण तिला कारखान्यातलं काय कळतं? ती लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. खोक्यांच्या कारखान्यात प्लॅनिंग डिपार्टमेंट म्हणजे मेंदू. मेंदूशिवाय धड किती दिवस चालेल? महिनाभर. फार तर दीड. मग साहेबांचा फोन येणारच. तोवर जरा घराकडे बघू.

घरात बघण्यासारखं प्रकरण एकच, खारूताई. आमची एकुलती एक. वय नऊ. पेन्सिली कुरतडते म्हणून खारूताई. आईला ‘ए आई’ म्हणते, मला मात्र ‘अहो बाबा’. हल्लीच्या मुलांत वडिलांबद्दल एवढा आदर बघायला मिळत नाही. फक्त तोंडी गणितात कच्ची आहे. काल जेवताना सहज विचारलं, सात सक किती? नुसती बघत राहिली. पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. आवाज थोडा चढला असेल, पण तो उत्तेजन म्हणून. तर डोळ्यांत पाणी! शाळेतल्या बाई म्हणतात की वर्गात ती चांगली उत्तरं देते. बाईंच्या वर्गात मुलं चाळीस. त्यांना काय दिसणार?

संकल्प: हिचं तोंडी गणित पक्कं करायचं. रोज पहाटे उठायचं. अजिबात रागवायचं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

उठायला साडेनऊ. झोप पुरी झाली की डोकं तरतरीत राहतं, तेव्हा नुकसान काहीच नाही.

उलट फायदाच. दाढी करताना कल्पना सुचली आणि अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आलो. खेळ! पटावरचा खेळ! मुलांना पाढे म्हणायला सांगितलं तर ती कंटाळतात, पण फासे हातात दिले की आपोआप हिशेब करतात. असं कुठेतरी वाचलंय. बाजारातले खेळ बाळबोध. मी स्वतः तयार करणार. पुठ्ठा या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही.

नाव ‘गणितझेप’. एक ते शंभर घरं. दोन फासे टाकायचे. आलेल्या दोन आकड्यांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार करायचा, तुमची मर्जी. उत्तर येईल तेवढी घरं पुढे जायचं. उत्तर तोंडी आणि झटकन. चुकलं तर सोंगटी जागच्या जागी. आणि खरी गंमत पुढे आहे. साताच्या पाढ्यातलं प्रत्येक घर म्हणजे खड्डा. सात, चौदा, एकवीस, थेट अठ्ठ्याण्णवपर्यंत. खड्ड्यात पडलात की दहा घरं मागे. जो आधी बरोब्बर शंभरावर पोचेल तो जिंकला.

सातच का? कारण तोच पाढा सगळ्यांना छळतो. मला उत्तम येतो. छप्पन्नच्या आसपास क्षणभर थांबावं लागतं, एवढंच.

६ सप्टेंबर, शनिवार

पट तयार. देखणा झालाय. बायको म्हणाली की छान आहे, पण नोकरीसाठी अर्ज कधी करणार? कुठे काय बोलावं हे काही माणसांना कळत नाही.

पहिला खेळ मी जिंकलो. अपेक्षितच होतं.

७ सप्टेंबर, रविवार

आजच्या खेळाचा निकाल लागला नाही.

म्हणजे खारूची सोंगटी शंभरावर आधी पोचली हे खरं. पोचल्यावर ती सोफ्यावर उड्या मारत बाबा हरले, बाबा हरले असं ओरडली हेही खरं. पण शेवटच्या वेळी तिचा एक फासा शेजारी जेवणासाठी मांडलेल्या ताटाच्या कडेला टेकून तिरका उभा होता. तिरका फासा धरायचा नाही, हे कोणत्याही खेळात गृहीतच असतं. मी तिला ते शांतपणे समजावून सांगत होतो. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल तर तो या इमारतीच्या बांधकामाचा दोष. समजावताना हात पटाला लागला, पट ताटाला लागला, पाण्याचा ग्लास पटावर आडवा झाला आणि ताट फरशीवर गेलं. काचेचं ताट आज ना उद्या फुटायचंच.

मी रागावलो नव्हतो. बायकोने तुकडे गोळा केले. खारूने पटावर सांडलेलं पाणी स्वतःच्या फ्रॉकने पुसून काढलं. पोरीला खेळाची किती काळजी!

१० सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. बोललो असतो तर रागावलो असतो. संयम म्हणतात तो हाच. घरात विलक्षण शांतता होती. अभ्यासाला पोषक.

आणि बघा परिणाम! आज खारूने आपणहून पट काढला, मांडला, माझ्यासमोर फासे ठेवले आणि विचारलं की बाबा, खेळायचं का? मी जिंकलो. मग सगळे एकत्र जेवलो. मी प्लॅनिंगमधले किस्से सांगितले. खारू खूप हसली. एक किस्सा ती आधी ऐकून होती, तरी हसली. हसतंखेळतं घर म्हणतात ते असं. यापुढे रोज जेवणाआधी एक डाव.

१४ सप्टेंबर, रविवार

प्रयोगाचा विस्तार केला. एकाच मुलीवर खेळ तपासून कसं चालेल? खाली राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची जुळी मुलं बोलावली. मुलगा आणि मुलगी. दोघंही गोड, पण पाया कच्चा. मुलगी आठ साते चोपन्न म्हणाली. मी खेळ थांबवला आणि सगळ्यांना साताचा पाढा पहिल्यापासून समजावला. मध्ये छप्पन्नला मी स्वतः थोडा थबकलो, तर मुलगा फिस्सकन हसला. त्याला शिस्तीवर चार शब्द सांगितले. मग मुलगी रडायला लागली. तिला तर मी काही बोललोही नव्हतो.

मन हेलावल्याशिवाय काही शिकून होत नाही. एकूण सत्र यशस्वी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काळजी वाटते. खारू सुधारत नाही. रोज खड्ड्यात पडते.

आजचंच बघा. तिची सोंगटी तेविसावर. फासे तीन आणि चार. बेरीज केली असती तर सात, म्हणजे तीस. वजाबाकी केली असती तर एक, म्हणजे चोवीस. दोन्हीकडे मोकळं रान. हिने काय करावं? गुणाकार! तीन चोक बारा, तेवीस आणि बारा पस्तीस. सात पंचे पस्तीस. धप्पकन खड्ड्यात. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, आणि जाऊन पडली कुठे? पालथ्या घड्यावर पाणी.

मी तिला समजावलं की बाळा, सोपं उत्तर सोडून अवघड करत जाऊ नकोस. ती मान हलवून हो म्हणाली. मी जिंकलो. जेवण छान झालं.

२१ सप्टेंबर, रविवार

मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, फिजिओथेरपिस्ट. लोकांचे गुडघे वाकवतो. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात मामा-भाचीने पट मांडला. बाथरूममध्ये आवाज येत होता, पोरीचाच. आकडे ओरडत होती. टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर खेळ खलास! खारू जिंकलेली. मेहुणा म्हणाला की ही एकदाही खड्ड्यात पडली नाही, मी पाचदा पडलो, ही पोरगी आहे की मशीन?

वासरात लंगडी गाय शहाणी. मेहुण्याला शाळेत गणितात किती मार्क पडायचे हे सासूबाईंनीच मला सांगितलंय. म्हटलं, थांब, आता माझ्याशी खेळू दे. मी केस पुसत बसलो. खारू लगेच सरळ बसली. आवाज खाली आला. चार वेळा खड्ड्यात. मी जिंकलो. मेहुण्याला म्हणालो, बघितलंस? तगडा प्रतिस्पर्धी समोर आला की खरी पातळी कळते.

तो पटाकडे बघत बसला. मग खारूकडे. मग स्वयंपाकघरात जाऊन बहिणीशी बराच वेळ हळू आवाजात बोलला आणि चहा न घेताच गेला. हरणं पचवता येत नाही काही जणांना.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जुळी येत नाहीत. डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या की दोघांना पोहायचा क्लास लावलाय. सगळ्या संध्याकाळी? हो, सगळ्या. मी म्हणालो की पोहण्यात गणित नसतं. त्या म्हणाल्या की म्हणूनच.

बोलण्यात त्यांनी खारूची चौकशी केली. बरी आहे ना, खातेपिते ना? एकदा मागेही विचारलं होतं. माणुसकी आहे बाईंच्यात.

३० सप्टेंबर, मंगळवार

महिना झाला. साहेबांचा फोन नाही. मीच केला. ऑपरेटर म्हणाली की मीटिंगमध्ये आहेत. दुपारी केला, मीटिंगमध्ये. संध्याकाळी केला तर तिने माझं आडनाव ऐकताच मीटिंग सांगितली. केवढ्या मीटिंगा! प्लॅनिंग नसलं की असं होतं.

कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला की प्लॅनिंगचं काम आता एक सॉफ्टवेअर करतं, आणि माझ्या खोलीत पाण्याचे कॅन ठेवतात. विनोदी स्वभावाचा आहे तो पहिल्यापासून.

खेळायला बसलो तेव्हा मूड जरा बरा नव्हता. खारूला न सांगता ते कळतं. आज ती इतक्या वेळा खड्ड्यात पडली की अर्ध्या पटापलीकडे गेलीच नाही. मी सहज जिंकलो. बरं वाटलं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट मनासारखी झाली. खारू म्हणाली की बाबा, तुम्हाला कोणी हरवूच शकत नाही. मला भरून आलं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज जवळजवळ हरलो असतो. माझे फासेच पडेनात. खारू अडतिसावर, मी अजून विशीत. तिला पाच आणि सहा पडले. पाच सक तीस! अडतीस आणि तीस अडुसष्ट, म्हणजे एकदम पुढे निघून गेली असती. हातात पाण्याचा ग्लास होता. तो मी खाली ठेवला. कदाचित जरा जोरात.

खारूने ग्लासाकडे पाहिलं आणि म्हणाली, पाच आणि सहा अकरा. एकोणपन्नास. साती साती एकोणपन्नास, खड्डा!

सुटलो. मी जिंकलो. मात्र पोरीचं कसं होणार, ही काळजी लागून राहिलीय. तीस हातात असताना अकरा घेते! प्लॅनिंग म्हणून नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

मोठं पाऊल उचललं. ‘गणितझेप’ सगळ्या शाळेत सुरू करावी, असा प्रस्ताव शाळेला पाठवला. सोबत माझी माहिती, पटाचा फोटो, प्रास्ताविक. घरातल्या मर्यादित यशाचा उल्लेख टाळला.

बायकोला दाखवला. तिने वाचला आणि विचारलं की खारूला विचारलंस का? मी म्हणालो की औषध द्यायचं तर रोग्याला विचारत नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शाळेचं उत्तर आलं! वर्गातल्या बाईंचं. लिहितात की हा खेळ त्यांच्या वर्गात तीन आठवड्यांपासून सुरूच आहे. खारूनेच घरी पाहून मोठ्या कागदावर पट काढून नेला, नियम शिकवले, आता मधल्या सुट्टीतही मुलं तेच खेळतात. परवा अकरा वाजता येऊन बघा म्हणतात. आणि खाली एक ओळ, तुमच्याशी थोडं बोलायचंही आहे.

मानधनाबद्दल असणार. मी संकोच करणार नाही.

आश्चर्य एकाच गोष्टीचं वाटतं. खारूने घरी ताकास तूर लागू दिली नाही. मला सरप्राइज द्यायचं असेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अर्धा तास आधीच. वेळेआधी पोचणं ही आमच्या धंद्याची खूण.

वर्गाचं दार लोटलेलं होतं. दाराला डोळ्यांच्या उंचीवर एक काच. आतून नुसता गलका. फळ्यावर पट टांगलेला. वर्गाचे दोन गट केलेले. एका गटाची पुढारी कोण, तर आमची खारू. बाकावर उभी! केस सुटलेले, तोंड लाल, हातात फासे. फासे पडले रे पडले की ही तिन्ही उत्तरं एका दमात ओरडायची, बेरीज अमुक, वजाबाकी तमुक, गुणाकार ढमुक, इकडे खड्डा, तिकडे खड्डा, हे घ्या! मुलं हे घ्या म्हणून नाचत होती. मी खारूचा असा आवाज घरी कधी ऐकला नाही. ती असं हसते हेही मला माहीत नव्हतं. हसताना तिच्या वरच्या ओळीतला एक दात पडलेला दिसला. तो कधी पडला?

तिच्या गटाची सोंगटी ब्याऐंशीवर आली. फासे पडले तीन आणि सहा. सगळा वर्ग किंचाळला, तीन सक अठरा! शंभर! जिंकलो! मलाही राहवलं नाही. मी दार ढकललं.

खारूने मला पाहिलं. हळूच बाकावरून खाली उतरली. केस कानामागे सारले. आणि म्हणाली, तीन आणि सहा नऊ. एक्क्याण्णव.

खड्डा. एक मुलगा म्हणाला की अगं वेडी आहेस का, अठरा, अठरा! तिने फासे दुसऱ्या गटाकडे दिले.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मुलांना पुस्तकं काढायला सांगून त्या माझ्याबरोबर बाहेर आल्या. मानधनाचा विषय निघाला नाही. त्या म्हणाल्या की ती नेहमी तिन्ही उत्तरं आधी काढते. वर्गात त्यातलं सगळ्यात चांगलं निवडते. आज तिने सगळ्यात वाईट निवडलं. दोन्हीला गणित सारखंच लागतं. उलट दुसऱ्याला जास्त. आणि मग विचारलं की घरी कोण जिंकतं?

मी म्हणालो की मला एक अर्जंट फोन आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बाईंचं म्हणणं साफ चूक आहे. पाहुणा आला की मूल बावरतं, इतकं साधं आहे हे. घसा बसला असेल. बाकावर उभं राहून चक्कर आली असेल. मुळात शाळेत बाकावर उभं राहू देतातच कसं?

आज खेळलो नाही. खारूने पट काढला होता. मी म्हणालो, नको. ती घाबरून म्हणाली की बाबा, एकच डाव, लवकर संपेल.

लवकर संपेल असं का म्हणाली?

१८ ऑक्टोबर, शनिवार

बायकोशी बोललो. म्हणजे ती बोलली. खारू मैत्रिणीकडे गेली होती.

म्हणाली की मला खरंच कळलं नाही का. ताट फुटलं त्या दिवसानंतर पोर माझ्याविरुद्ध एकदाही जिंकलेली नाही. मी हरलो की दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नाही, भांडी आपटतो, दारं आपटतो. मी जिंकलो की जेवण नीट होतं. नऊ वर्षांच्या मुलीने यातून काढायचा तो हिशेब काढला. रोज शाळेतून येते, मी कसा बसलोय ते बघते आणि त्या दिवशी कितीने हरायचं ते ठरवते. बायको म्हणाली की तिने खारूला सांगितलं होतं, असं नको करूस. तर खारू म्हणाली की आई, तू दमून येतेस, बाबा जिंकले की तुला जेवता तरी येतं.

मी म्हणालो की मी कधी हात उगारला का? ती म्हणाली की नाही. तेवढं एक सोडून सगळं.

मी म्हणालो की माझी नोकरी गेलीय. पहिल्यांदाच ‘गेलीय’ म्हणालो. ती म्हणाली की माहीत आहे, म्हणून एवढे दिवस गप्प बसले. पण पोरीची नाही गेली ना नोकरी. तिला कशाला ही ड्युटी?

मग म्हणाली की दुसऱ्या सत्रापासून खारू मावशीकडे राहील. तिकडची शाळा बघून झालीय. मेहुण्याने सगळं केलंय. ती स्वतः मात्र इथेच राहणार आहे, लॅब इथे आहे म्हणून. आणि मलाही कोणीतरी लागेल म्हणून. हे शेवटचं ती भांडी लावता लावता म्हणाली.

मी फार वाईट बाप नाही. शर्टाला इस्त्री करून शाळेत गेलो होतो. पट स्वतः तयार केला. पण अठरा सोडून नऊ म्हणतानाचा तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

उपाय सापडला. इतका सोपा की आधी सुचला नाही याचंच नवल. मी हरायचं. हसत हसत, टाळ्या वाजवत हरायचं. एकदा बाबा आनंदाने हरलेले बघितले की पोरीची भीती जाईल. मग मावशीबिवशीची गरजच नाही. बायकोही आपोआप गप्प बसेल.

जिंकायला डोकं लागतं. हरायला काय लागतं?

२५ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर हरायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मी एकदा खड्ड्यात पडलो की ही दोनदा पडते. मी मुद्दाम हळू गेलो तर ती आणखी हळू जाते. परवा मी मोठ्याने हसून म्हणालो की अरे वा, आज बहुतेक मी हरणार! तिचा रंगच उडाला. एरवी माझं हसणं घरात फक्त मी जिंकल्यावर ऐकू येतं, हे तिच्या चांगलं लक्षात असावं.

शिवाय हरायलाही साताचा पाढा पक्का पाहिजे. तिला खड्डा दुरून दिसतो. मला वेळ लागतो. शेरास सव्वाशेर.

आता फक्त पुढचा रविवार उरला. मावशीकडे जायला साडेचारची बस आहे. बायको तिला सोडून रात्री परत येणार. त्या दिवशी काहीही करून हरायचं. पूर्ण तयारीनिशी. चौदाही खड्डे लिहून बाथरूमच्या आरशाला चिकटवलेत आणि दात घासताना पाठ करतोय.

२ नोव्हेंबर, रविवार

बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दुपारी तीनच्या सुमाराला खारूला म्हणालो, एक डाव? तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई बसमध्ये खायला डबा भरत होती. मग खारूने पट आणला आणि चारही कोपरे नीट दाबून मांडला.

खेळ पुढे सरकेना. मी खड्ड्यात, ती खड्ड्यात. बघणाऱ्याला वाटलं असतं की दोन अडाणी माणसं खेळतायत. तरी ढकलत ढकलत मी बहात्तरावर आलो, ती सदुसष्टावर. तिला पाच आणि दोन पडले. क्षणही न थांबता म्हणाली, पाचातून दोन गेले तीन. सत्तर, खड्डा. साठावर परत गेली.

मला पाच आणि एक. मी नीट विचार केला. वजाबाकी चार, म्हणजे शहात्तर. कमीत कमी पुढे जायचं म्हणून तेच घेतलं. सोंगटी ठेवली आणि लक्षात आलं की गुणाकार केला असता तर पाच एके पाच, सत्त्याहत्तर, सरळ खड्डा. एवढं पाठ करून ऐन वेळी सुटला. तिला तो आधीच दिसलेला होता. मी तो सोडला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, तो मी समोर बसून पाहिला.

ती पुन्हा काहीतरी वजा करून दोन घरं पुढे गेली. मग मला चार आणि सहा पडले. चार सक चोवीस. शहात्तर आणि चोवीस शंभर. हे मात्र मला लगेच दिसलं. आणि युक्तीही सुचली. नियम माझाच आहे, उत्तर चुकलं तर सोंगटी जागच्या जागी. मी डोकं खाजवलं आणि मोठ्याने म्हणालो, चार सक बावीस. आणि फासे तिच्याकडे सरकवले.

तिने घेतले नाहीत. हळू आवाजात म्हणाली की बाबा, तुम्हाला चोवीस म्हणायचं होतं.

मी म्हणालो, नाही नाही, बावीसच. चुकलं माझं. मी हसलो. मला वाटतं मी चांगला हसलो. म्हणालो की बघ, बाबापण चुकतो. हरलो तरी काही होत नाही, घे फासे. माझा आवाज चढला. त्याला मी काय करू? मला रडू येत होतं. तिला वाटलं मी चिडलोय. ती पटापासून जरा मागे सरकली. ताट फुटलं तेव्हा मी जिथे बसलो होतो ना, आजही तिथेच बसलो होतो.

मग तिने हात लांब करून माझी सोंगटी उचलली आणि शंभरावर ठेवली. नीट, घराच्या मधोमध. आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, वर्गात ओरडत होती तशी, मोठ्यांदा ओरडली, आई, बाबा जिंकले!

आतून बायको म्हणाली, हो का? बरं झालं.

रात्री परत येऊन आईला इथेच जेवायचं आहे. त्याची सोय पोरगी जाता जाता करून गेली.

चारला दोघी निघाल्या. खारूने जिन्याच्या वळणावरून मला हात केला, मीही केला. आता घरात मी एकटाच आहे. जिंकलेला.